शिक्षा संपते कधी?

न्यायालय शिक्षा सुनावते तेव्हा तिला एक आकडा असतो. तीन वर्षे, सात वर्षे, दहा वर्षे. तुरुंगाच्या दप्तरात त्या आकड्यातून कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा होतात, चांगल्या वागणुकीची सूट वजा होते आणि सुटकेची तारीख निघते. त्या दिवशी माणसाच्या हातात सुटकेचा कागद पडतो, आत केलेल्या कामाची शिल्लक मजुरी पडते आणि कायद्याच्या दृष्टीने हिशेब पुरा होतो. मग तो माणूस नांदेडच्या नाही तर लातूरच्या बसस्थानकावर उतरतो. तिथे त्याला कळते, की या हिशेबाची आणखी एक वही आहे. ती सरकारकडे नसते. ती गावाकडे, मोहल्ल्याकडे, बाजाराकडे, म्हणजे आपल्या सर्वांकडे असते आणि तीत शिक्षेचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

आम्हाला या दुसऱ्या वहीविषयी बोलायचे आहे. ज्याने खरोखर गुन्हा केला आणि त्याची शिक्षा पुरी भोगली, त्याचे आपण काही देणे लागतो का? लागत असू, तर ते कोणी आणि कसे फेडायचे?

'खरोखर' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. मुस्लिम समाजात तुरुंगाची चर्चा निघाली, की ती बहुतेक वेळा निरपराधांची असते. तिला कारणही तसेच आहे. अक्षरधाम खटल्यातील सहा आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्दोष ठरवले. २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ साली न्यायालयाने आरोपातून मुक्त केले. या माणसांची उमेदीची वर्षे कोण परत देणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो विचारताना समाज एकत्र येतो, सभा होतात, सत्कार होतात, हेही योग्यच आहे. पण तुरुंगातून परतणारा प्रत्येक जण असा नसतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११ च्या सुमारास राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातील तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने त्यांचे प्रमाण कितीतरी जास्त असल्याची चर्चा तेव्हा झाली. त्याच अभ्यासातून हेही पुढे आले, की यांतले बहुतेक जण कुठल्या टोळीचे वा कटाचे नव्हते. गरिबीतले, कमी शिकलेले, हातावर पोट असलेले लोक होते. कुणी चोरीत अडकलेला, कुणी मारामारीत, कुणी रागाच्या भरात कुणाचा जीव घेऊन बसलेला.

निर्दोष सुटलेल्याला मिठी मारणे अवघड नाही. त्यात आपल्या मनाला काही सोसावे लागत नाही, उलट आपली बाजू खरी ठरल्याचे समाधान मिळते. ज्याने खरोखर चोरी केली, तो परत आल्यावर मात्र सभा होत नाही. सगळा मोहल्ला गप्प होतो. त्याच्या बहिणीचे स्थळ मोडते, भाऊ वेगळा राहू लागतो आणि मशिदीत नमाजाला उभा राहिला तरी शेजारचा खिसा चाचपतो. आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा या माणसापाशी होते. त्याच्या बाजूने बोलायला कुणाकडे घोषणा नाही. त्याच्यापाशी फक्त भोगून संपलेली शिक्षा आहे.

बदललेल्या माणसाच्या गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत असे नाही. महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट माहीत असते. पण त्या गोष्टीत एक सोय आहे. वाल्या अरण्यात जातो, तप करतो, त्याच्या अंगावर वारूळ चढते आणि तो बाहेर येतो तो ऋषी होऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन 'काही काम आहे का' असे त्याला विचारावे लागत नाही. त्याला भाड्याने खोली लागत नाही, मुलांची फी भरावी लागत नाही. आपल्या बहुतेक गोष्टी पश्चात्तापाला अरण्य देतात, भाकरी देत नाहीत. आजचा सुटलेला माणूस अरण्यात जाऊ शकत नाही. त्याला वजिराबादेत किंवा गंजगोलाईतच परत यावे लागते, जिथे सगळे त्याला ओळखतात.

हजरत यूसुफ यांची कथा या बाबतीत अधिक व्यवहारी वाटते. ते स्वतः निरपराध होते. पण त्यांच्याबरोबर तुरुंगात असलेला राजाचा एक सेवक सुटला आणि त्याला त्याचे पूर्वीचे काम परत मिळाले. बाहेर गेल्यावर तो यूसुफना काही वर्षे विसरून गेला. सुटलेला माणूस आतल्या दिवसांची आठवण टाळतो, हा मनुष्यस्वभावच आहे. पुढे राजाला स्वप्न पडले तेव्हा याच सेवकाला यूसुफ आठवले, त्यांच्यापर्यंत निरोप गेला आणि दुष्काळाआधी मिसर देशाची कोठारे भरली गेली. एका सुटलेल्या कैद्याला राजाने पुन्हा कामावर घेतले नसते, तर तो निरोप पोचवणारा माणूसच दरबारात नसता. दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. २०१६ साली लातूरने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. ज्याला आपण दाराबाहेर ठेवतो, त्याच्याबरोबर आपण काय गमावतो याचा हिशेब आपल्याला कधीच लागत नाही.

कैद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच फार पूर्वी झाला आहे. १९३९ साली औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसवली. भिंत नाही, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करत आणि कुटुंबासह राहत. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत नंतर राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सर्वांना आठवतो तो त्यातल्या जेलरच्या करुणेसाठी. आम्हाला त्यातला बाजार महत्त्वाचा वाटतो. सहा खुनी शेतात घाम गाळतात, भाजी पिकवतात, ती रास्त भावाने विकायला बसतात आणि तिथेच त्यांना मार पडतो. मारणारे तुरुंगाचे शिपाई नसतात, बाजारातल्या मक्तेदाराची माणसे असतात. शेतात सुधारलेल्या माणसाची कसोटी बाजारात लागते आणि तिथे जेलर एकटा पुरा पडत नाही.

आता नांदेड-लातूरकडे वळू. दोन्ही ठिकाणी जिल्हा कारागृहे आहेत. त्यांत मुख्यतः खटला चालू असलेले कच्चे कैदी असतात. देशाचीच स्थिती तशी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. मोठी शिक्षा झाली, की या भागातला माणूस साधारणपणे हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात जातो आणि वागणूक चांगली राहिली तर शिक्षेचा शेवटचा काळ पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीवर काढू शकतो. आत त्याला काम असते. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, शेती. त्याला शिकताही येते. म्हणजे तो रिकाम्या हाताने परत येतो असे नाही, हातात कसब घेऊन येतो. अडते ते पुढे.

सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी लागते. ते समजण्यासारखे आहे. पण आता औद्योगिक वसाहतीतला ठेकेदार, सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी, गाडी चालवायला देणारा मालक, सगळेच पोलिसांचा दाखला मागतात. लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा आडतीवर दाखला नसला तरी चालते, पण तिथे ओळखीचा माणूस लागतो आणि ओळखीच्या माणसालाच त्याचा इतिहास ठाऊक असतो. नांदेडला एकेकाळी उस्मानशाही मिलचा भोंगा वाजे आणि शेकडो घरांच्या चुली त्यावर चालत. ती मिल बंद पडली. जिथे निष्कलंक तरुणांनाही पुण्याची वाट धरावी लागते, तिथे डाग लागलेल्याला रांगेत कोण उभे करणार? कर्ज काढून गाडा टाकावा, तर बहुतेक योजनांना जामीनदार लागतो. त्यात सण जवळ आले की जुनी नोंद असलेल्यांना ठाण्यात बोलावणे येते, बंधपत्र लिहून घेतले जाते. काहींवर तडीपारीची नोटीस निघते. पोलिसांनाही त्यांची जबाबदारी आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु महिन्यातून दोन दिवस ठाण्यात बसावे लागणाऱ्या गड्याला कोणता मालक ठेवून घेईल?

आणि असा सगळीकडून परतवलेला माणूस जातो कुठे? दाखला न मागता, जामीनदार न मागता त्याला कामाला लावणारे एकच ठिकाण उरते. त्याचे जुने सोबती. ते त्याची वाट पाहत असतात, त्याला चहा पाजतात, त्याच्या घरी पैसे पाठवतात. एकदा आत गेलेला माणूस पुन्हा आत गेला, की आपण म्हणतो, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' या म्हणीने आपली सोय होते, कारण खोड त्याच्यात शोधली की ती आपल्या दारात शोधावी लागत नाही.

ही खोड जन्माने चिकटवण्याचा उद्योगही या देशात कायद्याने झाला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि लहान मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार ठरू लागले. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' लिहून हे सारे मराठी वाचकापुढे मांडले. १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते पुस्तक वाचले, हळहळलो, अभ्यासक्रमातही लावले. शिक्का लावण्याची सवय मात्र तशीच राहिली.

उलट याच भूमीला तुरुंगाचा अभिमानही ठाऊक आहे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांपासून खेड्यातल्या साध्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांनी निजामाच्या तुरुंगात दिवस काढले. ते परत आले तेव्हा त्यांना मिरवले गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज स्वामीजींचे नाव आहे. चोराची तुलना आम्ही सत्याग्रहीशी करत नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की तुरुंगातून आलेल्या माणसाकडे कसे पाहायचे हे समाज ठरवतो. तुरुंगाच्या भिंतीला स्वतःचा असा कलंक नसतो. म्हणूनच तो पुसायचा झाला तर समाजालाच पुसावा लागेल.

इथे खरा नैतिक पेच येतो. मालक म्हणतो, 'आधी तो विश्वासू आहे हे दिसू दे, मग ठेवतो.' यात वावगे काही नाही. पण विश्वासूपणा दिसणार कुठे? तो कामावरच दिसू शकतो. गल्ला समोर असताना हात न लावणे, चावी जवळ असताना वेळेवर उघडणे, मालाची नोंद बरोबर ठेवणे, यांशिवाय विश्वासूपणाचे दुसरे प्रमाणपत्र नाही. म्हणजे आधी विश्वास हवा तर काम हवे आणि आधी काम हवे तर विश्वास हवा. हे चक्र कुणीतरी तोडल्याशिवाय तुटत नाही. ते तोडायचे तर विश्वास आधी, काही हाती नसताना, द्यावा लागतो. आपला सगळा बाजार तरी कशावर चालतो? पेरणीच्या वेळी आडत्या शेतकऱ्याला उचल देतो ती पीक डोळ्यांनी पाहून नव्हे. उधारी ही विश्वासाची अशीच आगाऊ रक्कम असते.

पण उधारी बुडू शकते, हेही प्रत्येक दुकानदाराला माहीत असते. एका गरीब दुकानदाराला 'तू मोठे मन कर आणि याला ठेव' असे सांगणे म्हणजे पुण्य सगळ्यांचे आणि तोटा त्याचा एकट्याचा. हा उपदेश आम्हाला मान्य नाही. आमचे म्हणणे असे, की हा धोका एकट्याने घ्यायचा नसतो, वाटून घ्यायचा असतो. अनेक संस्थांनी एकत्र येण्याची गरज इथे निर्माण होते आणि ती केवळ कारभाराची गरज नाही, नीतीची आहे. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी शिक्षा झाली असेल, तर शिक्षेनंतरचा धोकाही सर्वांनी उचलला पाहिजे.

हे जगात घडलेले आहे. अमेरिकेच्या सरकारने १९६६ पासून अशी व्यवस्था केली, की सुटलेल्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाचे चोरी-अफरातफरीने नुकसान झाल्यास पहिल्या सहा महिन्यांसाठी त्याला विम्याचे संरक्षण मिळावे आणि त्याचा हप्ता मालकाला भरावा लागू नये. म्हणजे सरकार त्या माणसाचे जामीनदार झाले. सिंगापूरने २००० साली तुरुंग खाते, समाजकल्याण, रोजगार आणि स्वयंसेवी संस्था यांना एका जाळ्यात बांधले आणि २००४ साली पिवळ्या फितीची मोहीम काढून लोकांना सांगितले, की सुटलेल्याला दुसरा तुरुंग देऊ नका. तिथे १९९८ साली सुटलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दोन वर्षांत परत तुरुंगात गेले होते; अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण एकचतुर्थांशाहून खाली आले आहे. सिंगापूर शिक्षेच्या बाबतीत अतिशय कठोर देश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. इंग्लंडमध्ये बूट आणि किल्ल्या दुरुस्त करणाऱ्या टिम्प्सन कंपनीत दहांतला साधारण एक कामगार तुरुंगातून आलेला आहे. त्या कंपनीचे प्रमुख जेम्स टिम्प्सन २०२४ साली तिथले तुरुंगमंत्री झाले. ज्यांच्या हाती लोकांच्या घरांच्या किल्ल्या द्यायच्या, तीच माणसे त्यांनी तुरुंगातून निवडली!

आपल्याकडेही काहीच नाही असे नव्हे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली कारागृह विभागाबरोबर 'जिव्हाळा' ही योजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला जामीनदाराशिवाय ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के आणि फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. ज्याला बाहेर कुणी शंभर रुपये उधार देत नाही, त्याच्या श्रमाला एका बँकेने तारण मानले. शेजारच्या तेलंगणात कारागृह विभाग पेट्रोल पंप चालवतो आणि कैद्यांच्या हातून रोजचा पैसा फिरतो. परिविक्षा कायदा १९५८ पासून आहे. त्याखाली सोडलेल्या माणसाला केवळ दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९८० ते ८३ या काळात तुरुंग सुधारणेसाठी जी अखिल भारतीय समिती नेमली होती, तिने सुटकेनंतरच्या देखभालीला शिक्षेचाच पुढचा भाग मानण्याचा आग्रह धरला. त्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे उर्दूचे नामवंत शायर होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्याला रास्त मजुरी मिळावी आणि तीतला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढावा, असे सांगितले. २०११ साली तरुणपणीच्या एका मारामारीची नोंद लपवली म्हणून पोलीस खात्यातील नोकरी नाकारलेल्या उमेदवाराचा निकाल देताना याच न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ वालजाँची आठवण काढली. पोटासाठी पाव चोरलेल्या त्या माणसाला सुटल्यावर खाणावळीतही कुणी आसरा दिला नव्हता. नाव बदलल्यावरच तो उभा राहू शकला.

मग अडते कुठे? प्रत्येक खाते आपल्या उंबरठ्यापर्यंत चांगले काम करते आणि तिथे थांबते. कारागृह कसब शिकवते, पण फाटकाबाहेर त्याचा अधिकार संपतो. महिला व बालविकास खात्याचा परिविक्षा अधिकारी असतो, पण त्याच्याकडे जिल्हाभराचे बालगृह, निरीक्षणगृह आणि चौकशी अहवाल असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण खटल्यात मोफत वकील देते. खटला संपला की फाइल बंद. कौशल्य विकास केंद्राकडे रिकाम्या जागांची यादी असते, पण त्याला कुणी कळवत नाही की पुढच्या महिन्यात हर्सूलहून एक चांगला सुतार सुटणार आहे. बँकेला वाटते परिविक्षा अधिकाऱ्याने शिफारस करावी, अधिकाऱ्याला वाटते पोलिसांनी हरकत नाही म्हणावे, पोलिसांना वाटते कुणीतरी हमी घ्यावी. माणूस या सगळ्या उंबरठ्यांच्या मधल्या रस्त्यावर उभा राहतो.

नांदेड आणि लातूरसाठी आम्हाला सुचते ते असे. सुटकेच्या सहा महिने आधी या सर्वांनी एकदा एका टेबलाशी बसावे आणि प्रत्येक सुटणाऱ्या माणसाचा एक कागद तयार करावा: त्याला काय येते, त्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक खाते आहे का, घरचे घेणार आहेत का, कोणत्या कामापासून त्याला दूर ठेवले पाहिजे. आणि त्या टेबलाशी एक खुर्ची समाजाची असावी. व्यापारी संघटनेची, मशिदीच्या जमातीची, गुरुद्वाऱ्याची, एखाद्या शिक्षणसंस्थेची. न्यायालयात जसा जामीनदार असतो तसा कामालाही असावा. पाच-सात संस्थांनी मिळून छोटा निधी ठेवावा आणि मालकाला सांगावे, की सहा महिन्यांत याने तुमचे नुकसान केले तर ते आम्ही भरून देऊ. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये पंगतीत बसताना तुम्ही कोण, कुठून आलात, असे कुणी विचारत नाही. भाकरी देताना जे आपल्या शहराला जमते, ते काम देताना जमायला हरकत नसावी.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापाचा. 'माझे घर उजाड झाले आणि तुम्ही त्याच्या खुन्याला नोकरी शोधता?' या बापापुढे युक्तिवाद करू नये. त्याने माफ केलेच पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. माफी हा त्याचा हक्क आहे, ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही. पण काम देणे म्हणजे माफी देणे नव्हे. तो माणूस उपाशी राहिला, पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर उद्या आणखी एक बाप याच जागी उभा राहील. आणि पहिल्या बापाला मिळायची भरपाई कमावत्या हातातूनच निघू शकते. समाजाने मात्र हेही लक्षात ठेवावे, की त्या बापाचे अश्रू विसरून गुन्हेगाराचे पुनर्वसन करू पाहणारी संस्था कधीच लोकांचा विश्वास मिळवू शकणार नाही. दोघांची काळजी एकाच टेबलाशी झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप बेकार तरुणाचा. 'मी काही केले नाही, मला काम नाही. काम मिळवायला आता तुरुंगात जावे काय?' याचे उत्तर असे, की आम्ही राखीव जागा मागत नाही, अग्रक्रमही मागत नाही. रांगेत उभे राहू द्या, रांगेतून ओढून काढू नका, एवढेच मागणे आहे. शिवाय काही कामे काहींना देता येणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेत ठेवता येणार नाही, अफरातफर करणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरी देता येणार नाही. विश्वास डोळे मिटून द्यायचा नसतो. तो मोजून द्यावा, हप्त्याहप्त्याने वाढवावा.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो तुरुंगातून परतणाऱ्या बाईचा. पुरुषाला निदान आई दार उघडते. बाईला सासर उघडत नाही, माहेर लोकांना भिते आणि मुले कुणाकडे तरी वाढलेली असतात, तिला ओळखतही नाहीत. तिला कामाच्या आधी छप्पर लागते. आमच्या समाजात पडद्याची, अब्रूची चर्चा करणाऱ्यांनी या बाईची अब्रू कुणाच्या ओटीत घातली आहे, याचे उत्तर कधीतरी द्यावे.

शेवटी आमच्या मोहल्ल्याविषयी. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की मुस्लिमांमध्ये पगारी नोकरदार थोडे आणि स्वतःचा लहान धंदा करणारे जास्त. याचा अर्थ, आमच्याकडे काम देणारा सरकारी साहेब नाही. तो गॅरेजचा उस्ताद आहे, वेल्डिंगवाला आहे, बेकरीवाला आहे, फळांचा ठोक व्यापारी आहे. त्याला कोणत्याही नियमाने दाखला मागायची सक्ती केलेली नाही. म्हणून या प्रश्नाचा मोठा भाग सरकारकडे बोट न दाखवता सुटू शकतो. प्रेषितांकडे भीक मागायला आलेल्या एका माणसाची गोष्ट हदीसमध्ये येते. त्याच्या घरी एक जाड कापड आणि एक भांडे होते. प्रेषितांनी ते लोकांपुढे लिलावात विकले, आलेल्या दोन दिरहमांपैकी एकाचे घरी अन्न पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले. या गोष्टीत उपदेश फारसा नाही. वस्तू आहे, भांडवल आहे, विकत घेणारे लोक आहेत आणि दांडा बसवणारा हात आहे. आणि दुसऱ्या एका प्रसंगी, शिक्षा भोगून परत निघालेल्या माणसाला कुणी शाप दिला तेव्हा प्रेषितांनी त्याला रोखले आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका असे समजावले. शिक्षा झाल्यावर वर आणखी अपमान करणे ही सैतानाला मदत आहे, इतक्या स्पष्टपणे सांगणारा धर्म ज्यांचा, त्यांच्या गल्लीत सुटलेल्या माणसाला चहाचा कप वेगळा ठेवला जाऊ नये.

जकातीच्या पैशातून आपण दरवर्षी शिलाई यंत्रे वाटतो, शिष्यवृत्त्या देतो. त्यातच या वर्षापासून एक ओळ वाढवता येईल. नांदेडमध्ये दोन आणि लातूरमध्ये दोन, असे चार उस्ताद निवडावेत. तुरुंगातून आलेल्या एकेका माणसाला त्यांनी हाताखाली घ्यावे, त्याची सहा महिन्यांची हमी जमातीने घ्यावी, परिविक्षा अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा येऊन जावे आणि ठाण्याला आधीच कळवून ठेवावे. चारांपैकी एखादा पळून जाईल, गल्ला घेऊनही जाईल. निधी त्यासाठीच ठेवलेला असेल. उरलेले तीन जण सकाळी शटर वर करतील, झाडू मारतील, गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणतील. पहिल्या महिन्याचा पगार त्यांच्या हातावर पडेल तेव्हा त्या दुसऱ्या वहीत त्यांच्या शिक्षेचा शेवटचा दिवस लिहिला जाईल. न्यायालयाला तो लिहिता येत नाही. तो लिहिण्याचे काम आपले आहे.